गोव्याच्या समुद्राचं मॉडेल: आधी पाणी, मग प्लँक्टन, आणि मधे कुठे कुठे फसतं ते

दरवर्षी थीसिस जवळ आला की मला एकच फोन वेगवेगळ्या आवाजात येतो: "मॉडेलमध्ये क्लोरोफिल येतंय पण भलत्याच महिन्यात, कुठला पॅरामीटर बदलू?" मी विचारतो की भरती-ओहोटी जुळवून बघितली का, तर तिकडे शांतता. (क्लोरोफिल म्हणजे हिरवं रंगद्रव्य, त्यावरून पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लँक्टन, किती आहेत ते कळतं.) बहुतेक वेळा पॅरामीटरचा काही दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. पाणी नीट वाहत नसताना त्यात नायट्रेट टाकलं की काय होणार, बिघडलेल्या आमटीत मीठ टाकत बसायचं.

म्हणून हे लिहितोय. रॉम्स (समुद्राचं पाणी कसं वाहतं ते मांडणारा संगणकाचा प्रोग्राम) वापरणाऱ्यांसाठी आहे, दुसरं मॉडेल असेल तर नावं बदलतील पण खड्डे तेच. मॉडेल म्हणजे काय, त्याचं महत्त्व काय वगैरे इथे नाहीये, ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

## १. प्रश्न एका ओळीत लिहा, मगच डबा आखा

"गोव्याच्या किनाऱ्याचा अभ्यास" हा प्रश्न नाही. "सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कांदोळीसमोर तळाशी ऑक्सिजन का संपतो" हा प्रश्न आहे. "मे महिन्यात किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे कुठून येतात" हासुद्धा प्रश्न आहे, पण त्याला लागणारा डबा, म्हणजे मॉडेलमध्ये घेतलेला समुद्राचा तुकडा, वेगळा. पहिल्याला तळ आणि उभे थर महत्त्वाचे, दुसऱ्याला वारा आणि वरचा एक मीटर. दोन्ही एकाच सेटअपमध्ये करायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतील.

आता डब्याचा आकार. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोवा राज्याचा नकाशा घेऊन तेवढाच चौकोन कापणं. समुद्राला पत्रादेवीचं चेकपोस्ट माहीत नसतं. आपल्यासमोरून जाणारा पश्चिम किनारी प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, आणि तो फक्त इथल्या वाऱ्यावर चालत नाही. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांनी उठलेल्या केल्विन लाटा श्रीलंकेला वळसा घालून किनारा उजव्या हाताला ठेवत वर येतात आणि आपला प्रवाह हलवतात. म्हणजे पणजीत वारा पडलेला असला तरी समोरचं पाणी जोरात वाहत असू शकतं. हा निरोप मॉडेलला फक्त दक्षिणेच्या सीमेवरूनच मिळणार, तिथे तुम्ही महिन्याची सरासरी भरलीत की निरोप हरवला.

सुरुवातीला मी सांगतो तो डबा: १३ ते १८ अंश उत्तर, ७१ अंश पूर्वेपासून किनाऱ्यापर्यंत, २ किलोमीटरचा ग्रिड (म्हणजे समुद्राचे २ किलोमीटरचे चौकोनी खाने). साधारण २७७ गुणिले २१४, म्हणजे ५९ हजार खाने, उभे ३० थर. लॅबच्या बऱ्यापैकी सर्व्हरवर हे चालतं. १ किलोमीटर केलात की खाने चौपट आणि टाइमस्टेप (मॉडेल एका उडीत किती वेळ पुढे जातं ते) निम्मा, म्हणजे खर्च आठपट. ५०० मीटरला चौसष्टपट. "गाइड म्हणाले हाय रिझोल्युशन पाहिजे" म्हणून पहिल्याच दिवशी ५०० मीटर करू नका, एका चुकीसाठी आठवडा वाट बघावी लागते आणि चुका तर शंभर होणार आहेत.

चेक: डब्याची सीमा तुमच्या प्रश्नाच्या जागेपासून निदान शंभर-दीडशे किलोमीटर लांब आहे ना? नसेल तर आत्ताच बदला, नंतर सगळ्या फायली पुन्हा बनवाव्या लागतात.

## २. तळाचा नकाशा

जेब्कोचा (जगभरच्या समुद्रतळाचा नकाशा) डेटा १५ आर्क-सेकंदांचा, म्हणजे आपल्याकडे साधारण साडेचारशे मीटर. बाहेरच्या समुद्रासाठी ठीक. पण मांडवी-जुवारीच्या तोंडाशी आणि २० मीटरच्या आत त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तिथे नौदलाच्या हायड्रोग्राफिक चार्टवरची खोली घ्या. आणि इथेच पोरं आपटतात: चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून असते, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीपासून, तर मॉडेलला सरासरी समुद्रपातळीपासून हवी असते. मुरगावला हा फरक मीटरभराहून जास्त भरतो. १०० मीटरवर काही बिघडत नाही, ४ मीटरवर तो पाव हिस्सा झाला.

जेब्कोत खोली ऋण असते, रॉम्सला धन लागते, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण एकाने सह्याद्रीत समुद्र बनवला होता.

मग स्मूदिंग, म्हणजे तळाचा उतार गुळगुळीत करणं. रॉम्सचे थर तळाच्या उतारावर झोपलेले असतात, त्यामुळे शेल्फ (किनाऱ्यालगतचा उथळ तळ) संपून एकदम उतार लागतो तिथे दाबाच्या हिशोबात चूक होते आणि काहीही कारण नसताना प्रवाह तयार होतो. उतार किती तीव्र ते मोजणारा आरएक्स-शून्य हा आकडा ०.२ च्या खाली आणा, आरएक्स-एक (हाच हिशोब थरांसकट) ६ च्या आसपास किंवा कमी. पण सगळा नकाशा एकाच ब्रशने गुळगुळीत करू नका. जिथे आकडा जास्त येतो तिथेच करा, नाहीतर शेल्फची कडच पुसली जाते, आणि खालून थंड पाणी वर चढतं ते त्याच कडेवरून.

कमीत कमी खोली ५ मीटर ठेवा. भरती-ओहोटीचा फरक उधाणाला २ मीटरच्या आसपास जातो, १ मीटरचा खाना ओहोटीला कोरडा पडतो आणि मॉडेल फुटतं. खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं) आणि खाड्यांचे फाटे तुमच्या प्रश्नात नसतील तर सरळ जमीन करून टाका. कुंभारजुव्याचा कालवा २ किलोमीटरच्या ग्रिडमध्ये दाखवायचा हट्ट करू नका, तो दिसणार नाही.

थांबा, ही टेस्ट चुकवू नका: वारा शून्य, भरती शून्य, नद्या बंद, सीमा बंद. तापमान आणि क्षारता फक्त खोलीप्रमाणे बदलणारी, आडवी सगळीकडे सारखी. असं मॉडेल महिनाभर चालवा. पाणी स्थिर राहिलं पाहिजे. सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर प्रवाह आला तर चालवून घेता येईल, दहा आला तर स्मूदिंगकडे परत जा. ही टेस्ट दोन दिवस खाते म्हणून सगळे टाळतात आणि मग सहा महिने त्या खोट्या प्रवाहाला "शेल्फब्रेक जेट" (शेल्फच्या कडेचा जोरदार प्रवाह) म्हणून पोस्टरवर लावतात.

## ३. टाइमस्टेप

यात फार काही नाही. पृष्ठभागाची लाट किती वेगाने जाते ते खोलीवरून काढायचं: २,५०० मीटर खोलीला साधारण सेकंदाला १५७ मीटर. २ किलोमीटरचा खाना ती पावणेतेरा सेकंदांत ओलांडते, दोन दिशांचा हिशोब धरला की ९ सेकंद उरतात. मी ६ घेतो. मोठा स्टेप १८० सेकंद, त्यात ३० छोटे स्टेप, संपलं. मॉडेल फुटलं की लगेच टाइमस्टेप कमी करायची सवय मात्र मोडा. फुटण्याचं कारण बऱ्याचदा फोर्सिंगमध्ये (बाहेरून दिलेल्या वारा, ऊन, पाऊस यांच्या आकड्यांत) असतं, स्टेप कमी करून ते फक्त उशिरा फुटतं.

## ४. वारा, ऊन, पाऊस

ईआरए५ (जगभरच्या हवामानाचा तयार डेटा) घ्या, तासाचा. दिवसाची सरासरी घेऊ नका. फेब्रुवारी ते मे आपल्याकडे दुपारी खारा वारा किती जोरात असतो ते मिरामारला संध्याकाळी वाळू डोळ्यात गेलेल्या कुणालाही विचारा, रात्री मतलई वारा सुटतो, आणि सरासरी घेतली की दोन्हीतला बराच भाग एकमेकांना खाऊन टाकतो. मग वरच्या थराचं मिसळणं कमी होतं, पृष्ठभाग जास्त तापतो आणि तुम्ही उगाच मिक्सिंग स्कीम बदलत बसता.

आता ईआरए५च्या खोड्या, सगळ्या मी स्वतः भोगलेल्या:

- अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत्या क्रमाने येतात. उलटे न करता दिलेत तर रत्नागिरीचा वारा कारवारला वाहतो, आणि नकाशा इतका शहाण्यासारखा दिसतो की संशय येत नाही.
- ऊन ज्यूलमध्ये असतं, तासाचं साठलेलं. ३,६०० ने भागल्यावर वॅट.
- पाऊस मीटरमध्ये. १,००० ने गुणून ३,६०० ने भागा.
- आर्द्रता थेट मिळत नाही, दवबिंदू मिळतो. त्यावरून काढावी लागते.
- पाव अंश म्हणजे २७ किलोमीटर. किनाऱ्यावरचा खाना अर्धा जमिनीवर असतो, तिथला वारा मेलेला असतो. जमिनीचे खाने पुसून समुद्राच्या बाजूने भरून घ्या, मग इंटरपोलेट करा (मधल्या जागांचे आकडे काढा).
- लाँगवेव्ह (उष्णतेचं न दिसणारं प्रारण) एकतर निव्वळ द्या, नाहीतर फक्त खाली येणारं देऊन बाहेर जाणारं मॉडेलला काढू द्या. निव्वळ देऊन वर तोही पर्याय चालू ठेवलात तर समुद्राची उष्णता दोनदा वजा होते आणि अरबी समुद्राचा फ्रीज होतो.

चेक: एप्रिलमधला एक दिवस आणि जुलैमधला एक दिवस घ्या, कांदोळीसमोरच्या एका खान्यात वारा, ऊन, पाऊस छापून हाताने बघा. एप्रिलच्या दिवशी दुपारी १२ ला ऊन जास्तीत जास्त आहे? की संध्याकाळी साडेपाचला? साडेपाचला असेल तर तुम्ही यूटीसी (जागतिक वेळ) आणि आयएसटी (आपली वेळ) यांचा घोळ घातलाय. मी हाच घोळ भरतीच्या डेटात घातला होता, निरीक्षण आपल्या वेळेत आणि मॉडेल यूटीसीत, साडेपाच तासांचा फरक, जवळजवळ भरतीच्या जागी ओहोटी. तीन आठवडे मी तळाचं घर्षण बदलत होतो.

## ५. सीमा आणि भरती

सीमेसाठी ग्लोरिस (जगभरच्या समुद्राचा तयार मॉडेल-डेटा) चांगलं: एक बारांश अंश, रोजची सरासरी, १९९३ पासून. पण त्यात भरती-ओहोटी नाही, ती टीपीएक्सओ या जागतिक भरती-मॉडेलवरून वेगळी घाला. सीमेवर लावायचे नियम असे: पातळीला चॅपमन, खोलीभर सरासरी वेगाला फ्लॅदर, तापमान-क्षारता आणि थराथरातल्या वेगाला रेडिएशन अधिक नजिंग (बाहेरच्या आकड्यांकडे हळूहळू ओढणं). आत येणाऱ्या पाण्याला नजिंग जोरात, बाहेर जाणाऱ्याला सैल. उलटं केलंत तर प्रवाह सीमेवर आपटून परत येतो आणि डब्यात भोवरे फिरत बसतात, जे दिसायला फार छान असतात.

ग्लोरिसचा तळ आणि तुमचा तळ जुळत नाही, तिथे रिकामे आकडे येतात. ते शून्याने भरू नका. शून्य अंश तापमानाचं, शून्य क्षारतेचं पाणी कारवारच्या बाजूने आत शिरलेलं मी बघितलंय. शेजारच्या ओल्या खान्यातून भरा.

भरतीच्या फेजची (भरती कधी येते त्याची) संदर्भ तारीख आणि मॉडेलची संदर्भ तारीख एकच हवी. ही एक ओळ चुकली की उंची बरोबर येते, वेळ चुकते.

चेक: फक्त भरती चालू ठेवून ४० दिवस चालवा. मुरगावच्या पातळीशी जुळवा, हार्मोनिक अॅनालिसिस (भरती वेगवेगळ्या काळाच्या लाटांत सुटी करणं) करून घटकांची उंची आणि फेज वेगवेगळी बघा. नुसत्या रेघांवर रेघ टाकून "छान जुळतंय" म्हणू नका, उधाणाला सगळंच जुळल्यासारखं दिसतं, भांगाला (भरती लहान असते त्या दिवसांत) खरं कळतं.

## ६. नद्या

२ किलोमीटरच्या ग्रिडमध्ये मांडवी म्हणजे एक खाना. तिला पॉइंट सोर्स (एका बिंदूतून येणारं पाणी) म्हणूनच द्या. सोर्स जमीन आणि पाणी यांच्यामधल्या कडेवर बसवायचा, आणि आपल्या नद्या पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात म्हणून प्रवाहाचं चिन्ह ऋण! धन दिलंत तर मांडवी समुद्र पिऊन टाकते. रोजचं पाणी द्या, वर्षाची सरासरी कधीच नको. इथे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, सरासरी घेतली तर मार्चमध्येही नदी दुथडी वाहते. नदीच्या पाण्याचं तापमान द्यायला विसरू नका, न दिल्यास काय डिफॉल्ट लागतं ते स्वतः उघडून बघा.

एवढं नद्यांचं कौतुक कशासाठी, तर पावसाळ्यात किनाऱ्याजवळ वर काही मीटरचा गोड्या पाण्याचा थर पसरतो, झाकणासारखा. खालून वर आलेलं थंड, आधीच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी त्या झाकणाखाली अडकतं. पुढचं सगळं नाटक त्या झाकणावर चालतं. म्हणून उभे थर बघा: २५ मीटरला ३० थर भरपूर, पण १०० मीटरवर वरच्या ५ मीटरमध्ये निदान चार थर यायला हवेत. येत नसतील तर पृष्ठभागाकडचं स्ट्रेचिंग (थर वरच्या बाजूला दाटवणं) वाढवा.

## ७. स्पिन-अप आणि पाण्याची परीक्षा

सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, तेव्हा वारा पावसाळ्यापेक्षा सौम्य असतो. जुलैच्या मध्यात सुरू केलेलं मॉडेल पहिल्या दोन दिवसांतच हातपाय झाडतं. मॉडेल स्थिरावायची (स्पिन-अपची) दोन वर्षं फेकून द्यायची असं धरून चाला, तिसऱ्यापासून मोजा.

आउटपुट तासाचं घ्या, निदान एका स्टेशनला तरी. दिवसातून एकदाच स्नॅपशॉट घेतलात तर १२.४२ तासांची चांद्र भरती १४.७७ दिवसांच्या खोट्या लाटेसारखी दिसते, आणि तो आकडा नेमका उधाण-भांगाच्या चक्राइतकाच असल्यामुळे कुणाला शंकासुद्धा येत नाही.

दुसरा सापळा फिल्टरचा. नेटवरून उचललेल्या कोडमध्ये ३८-४० तासांचा लो-पास फिल्टर (वेगाने होणारे चढउतार गाळणारा) असतो. तो वरच्या अक्षांशांसाठी आहे. साडेपंधरा अंशावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी जे गोल फिरतं त्याचा काळ साधारण ४५ तासांचा, म्हणजे तो फिल्टर ते गाळतच नाही. आपल्याकडे चार-पाच दिवसांचा फिल्टर लावा. आणि उत्तर-दक्षिण वेग म्हणजे किनाऱ्यालगतचा वेग नव्हे, आपला किनारा वायव्येकडे कललेला आहे, वेग फिरवून घ्या, मगच एडीसीपीच्या (पाण्याचा वेग मोजणारं यंत्र) डेटाशी तुलना.

पुढे जायच्या आधी या पाच गोष्टींना "हो" आलं पाहिजे:

1. पावसाळ्यात वरचा प्रवाह दक्षिणेकडे, डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे.
2. पावसाळ्यात त्याच्याच खाली, शेल्फच्या उतारावर, उत्तरेकडे जाणारा अंतःप्रवाह. हा बहुतेकांच्या मॉडेलमध्ये नसतो आणि बहुतेक जण शोधतही नाहीत. दक्षिणेकडचं थोडं जास्त ऑक्सिजनवालं पाणी हाच घेऊन येतो, तो नसेल तर ऑक्सिजनचा हिशोब कधीच बसणार नाही.
3. जून ते सप्टेंबर शेल्फच्या तळाशी थंड पाणी किनाऱ्याकडे चढतं.
4. वर गोड्या पाण्याचं झाकण, आणि ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोडतं.
5. डब्यातली एकूण उष्णता आणि मीठ वर्षागणिक एकाच दिशेला सरकत नाही.

एक जरी "नाही" आला तर आठव्या टप्प्याला हात लावायचा नाही. डेडलाइन असली तरी.

## ८. आता जीवसृष्टी

पहिल्यांदा साधं घ्या: नायट्रेट, फायटोप्लँक्टन (वनस्पती), झूप्लँक्टन (प्राणी), डेट्रायटस (मेलेला सेंद्रिय कचरा). ते वर्षभर शहाण्यासारखं वागलं की मग फेनेलचं (रॉम्समधलं नायट्रोजन-चक्राचं) मॉडेल ऑक्सिजनसकट. थेट चार प्रकारचे प्लँक्टन आणि साठ पॅरामीटरवालं मॉडेल घेऊन बसलात तर चूक कुठे आहे हे तुमच्या नातवाला कळेल.

सुरुवातीची आणि सीमेवरची नायट्रेट-ऑक्सिजन वर्ल्ड ओशन अॅटलासवरून मिळतात, पण ती खोलीनुसार न बसवता घनतेनुसार बसवा. तुमच्या मॉडेलचा थर्मोक्लाइन (तापमान झपाट्याने उतरतं तो थर) अॅटलासपेक्षा १५ मीटर वर असेल तर खोलीनुसार बसवलेलं नायट्रेट चुकीच्या पाण्यात जातं आणि पहिल्याच महिन्यात खोटं ब्लूम (प्लँक्टनची अचानक वाढ) येतं.

एककं पुन्हा: मॉडेलचा ऑक्सिजन घनमीटरला मिलिमोल, जुने पेपर लिटरला मिलिलिटर, पर्यावरणवाले लिटरला मिलिग्रॅम. लिटरला १ मिलिलिटर म्हणजे घनमीटरला ४४.७ मिलिमोल. हायपॉक्सियाची (ऑक्सिजनच्या तुटवड्याची) २ मिलिग्रॅमची रेघ म्हणजे ६२.५ मिलिमोल. ही चिठ्ठी मॉनिटरला चिकटवा.

अॅडव्हेक्शन स्कीम (प्रवाहाबरोबर पदार्थ वाहून नेण्याचा हिशोब) धन राहणारी घ्या, एमपीडाटा किंवा एचसिम्ट. नाहीतर नायट्रेट ऋण होतं, आणि कोड ते गुपचूप शून्य करतो, म्हणजे नायट्रोजन हवेतून जन्माला येतो.

चेक: सीमा बंद, नद्या बंद, तळातून होणारा नाश बंद. एकूण नायट्रोजन वर्षभर बेरजेत तेवढाच राहिला पाहिजे.

मग ट्यूनिंग. एका वेळी एकच आकडा बदला, आणि वहीत लिहा. सगळ्यात आधी प्रकाश बघा, वाढीचा दर नंतर. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ असतं, त्याचं प्रकाश अडवणं मॉडेलमध्ये नसेल तर नदीच्या तोंडाशी ब्लूम फुलतं जे प्रत्यक्षात नाही. दुसरं, डेट्रायटस खाली बसण्याचा वेग: २५ मीटरच्या पाण्यात थोडा वाढवला तरी सगळं अन्न तळाला जातं आणि ऑक्सिजन तिथे संपतो, तुम्हाला वाटतं उत्तर बरोबर आलं, पण ते चुकीच्या वाटेने आलेलं असतं.

## ९. जुळवणी कशाशी

उपग्रहाच्या क्लोरोफिलशी जुळवताना दोन गोष्टी. जून ते सप्टेंबर ढग, म्हणजे ज्या महिन्यांत खरी मजा आहे नेमका तेव्हाच डेटा नाही. जे थोडे निरभ्र दिवस मिळतात त्यांची सरासरी म्हणजे महिन्याची सरासरी नव्हे, मॉडेललाही त्याच दिवसांनी, त्याच खान्यांनी छाटा. आणि किनाऱ्याजवळ गाळ आणि विरघळलेला पिवळट रंग क्लोरोफिल म्हणून मोजला जातो, तेव्हा २० मीटरच्या आतल्या आकड्यावर मॉडेल ट्यून करू नका.

तळाच्या ऑक्सिजनसाठी कांदोळीसमोरच्या टाइम सिरीजवर आधारलेले पेपर आहेत, १९९७ पासूनची निरीक्षणं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे तळाशी ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइडपर्यंत मजल जाते. मॉडेलमध्ये सगळ्यात कमी ऑक्सिजन जुलैत येत असेल तर प्लँक्टनकडे बघू नका, सातव्या टप्प्यातला चौथा प्रश्न पुन्हा उघडा, झाकण लवकर मोडतंय.

ट्यूनिंगला वापरलेलं वर्ष परीक्षेला वापरायचं नाही. आणि तुमच्या मॉडेलची स्पर्धा कुणाशी, तर साध्या महिनावार सरासरीशी. त्या सरासरीपेक्षा तुमचं मॉडेल वाईट निघालं तर तसं लिहा, लपवू नका, परीक्षक तेच पहिलं विचारतो.

घरचे आणि बाजारातली मासेवाली मावशी विचारणारच, "मग बांगडो खंय मेळटलो?" प्लँक्टन ते बांगडा ही उडी या सेटअपने मारता येत नाही. मासळीच्या जागांचा सल्ला इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) देतं, तो उपग्रहाच्या तापमान आणि क्लोरोफिलवरून. तुमच्या निकालात मासळीबद्दल वाक्य टाकायचा मोह आवरा.

## १०. फायली

रन संपला की रिस्टार्ट फाइल (थांबलं तिथून पुढे सुरू करायची), इनपुट फाइल, हेडर फाइल आणि कोडची आवृत्ती एका फोल्डरमध्ये, फोल्डरच्या नावात तारीख आणि काय बदललं ते. "फायनल", "फायनल२", "खरंचफायनल" नको. कॉपी दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि जून उजाडायच्या आत यूपीएसची बॅटरी तपासून घ्या. लांब रन पंधरा-पंधरा दिवसांच्या रिस्टार्टवर तोडा. पहिल्या पावसात लाइट जातेच.